अनामत, हिशेब आणि विश्वास : ख्रिस्ती कारभारीपणाच्या कल्पनेचा अर्थविचार

मनुष्याजवळ असलेला पैसा त्याचा स्वतःचा की त्याच्याजवळ ठेवलेला, हा प्रश्न वरकरणी नीतिशास्त्राचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर पुष्कळ अंशी भाषेतील शब्दांत साठवलेले असते. ख्रिस्ती धर्मविचाराने या प्रश्नास जे उत्तर दिले आहे ते 'कारभारी' या एका शब्दाभोवती गुंफलेले असून, बायबलाच्या मराठी भाषांतरांतून तो शब्द मराठी वाचकासही परिचित झालेला आहे. तथापि व्यवहारात या कल्पनेचा बराच संकोच झालेला दिसतो. कारभारीपण म्हणजे मंडळीस द्यावयाची वर्गणी, फार तर उत्पन्नाचा दशमांश, असे पुष्कळांना वाटते. तो एक अंश देऊन टाकला की उरलेल्या नऊ अंशांचे काय करावयाचे ते ज्याचे त्याने पाहावे, असा हा समज आहे. प्रस्तुत लेखात मूळ शब्दांच्या आधारे असे दाखवावयाचे आहे की, या कल्पनेचा खरा विषय तो एक अंश नसून ते नऊ अंश होत.

१. 'ओइकोनोमोस' आणि 'कारभारी'

नव्या करारात ज्या ग्रीक शब्दासाठी मराठीत 'कारभारी' हा शब्द योजलेला आहे तो 'ओइकोनोमोस' हा होय. 'ओइकोस' म्हणजे घर, आणि 'नेमेइन' म्हणजे वाटून देणे, व्यवस्था लावणे. घरातील धान्य, तेल, मजुरी यांची ज्याच्या हातून वाटणी होते तो ओइकोनोमोस. तो बहुधा धन्याचा दास किंवा मुक्त केलेला दास असे. त्याच्या हाती कोठाराच्या किल्ल्या असत. पण कोठारातील एका मापावरही त्याची मालकी नसे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी एरास्त नावाच्या गृहस्थाचा उल्लेख नगराचा ओइकोनोमोस म्हणून आला आहे. तेथे या शब्दाचा अर्थ नगराचा खजिनदार असा होतो. याच शब्दापासून निघालेला 'ओइकोनोमिया' हा शब्द पुढे युरोपीय भाषांत 'इकॉनॉमी' झाला. म्हणजे ज्याला आज अर्थव्यवस्था म्हणतात ती मुळात घरव्यवस्था होती, आणि तीही दुसऱ्याच्या घराची.

इंग्रजीतील 'स्ट्युअर्ड' या शब्दाचा इतिहासही असाच आहे. प्राचीन इंग्रजीत 'स्टिग' म्हणजे घर किंवा दिवाणखाना आणि 'वेअर्ड' म्हणजे रखवालदार. त्यांपासून तो शब्द तयार झाला.

मराठी 'कारभारी' या शब्दाचे भाग्य याहून निराळे आहे. 'कारभार' हा फारसीतील 'कार-ओ-बार' याचा अवतार होय. हिंदीत त्याचा 'कारोबार' झाला. मराठीत 'ब'चा 'भ' झाला. फारसी 'बार' म्हणजे ओझे आणि संस्कृत 'भार' हे दोन्ही शब्द मुळात एकाच कुळातील असल्यामुळे, मराठी बोलणाऱ्याच्या कानाला 'कारभार' या शब्दात 'भार' सहजच ऐकू येतो. या अर्थच्छायेने ख्रिस्ती कल्पनेस मराठीत एक अनुकूल भूमी मिळवून दिली : कारभार हा अधिकार आहे, तसे ते ओझेही आहे.

परंतु त्याच शब्दाने एक अडचणही निर्माण केली. मराठेशाहीत राजाचा कारभारी हाच हळूहळू राज्याचा धनी होऊन बसला, हे सर्वश्रुत आहे. १७७४ साली सवाई माधवरावाच्या नावाने बारभाईंचा कारभार सुरू झाला तेव्हा तर कारभारी आणि सत्ताधीश हे शब्द जवळजवळ समानार्थी झाले होते. ग्रामीण भागात पत्नी पतीस 'कारभारी' म्हणून संबोधिते तेव्हाही तिच्या मनात घरधन्याचाच अर्थ असतो, चाकराचा नव्हे. म्हणून मराठी वाचक 'देवाचा कारभारी' हे शब्द वाचतो तेव्हा त्याच्यापुढे नकळत अधिकाराचे चित्र उभे राहते, तर मूळ ग्रीक शब्द ऐकणाऱ्यापुढे उत्तरदायी चाकराचे चित्र उभे राहत असे. हा फरक ध्यानात ठेवल्यावाचून पुढील विवेचन नीट समजणार नाही.

२. रकमेचे प्रमाण

मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात तीन चाकरांचा दृष्टान्त आहे. धनी परदेशी जाताना एकास पाच, दुसऱ्यास दोन व तिसऱ्यास एक 'टॅलेंट' सोपवून जातो. पहिले दोघे व्यापार करून रक्कम दुप्पट करितात. तिसरा भयाने ती जमिनीत पुरून ठेवितो आणि परत आलेल्या धन्याच्या रोषास पात्र होतो. इंग्रजीत या दृष्टान्तामुळेच 'टॅलेंट' या शब्दास अंगच्या गुणाचा अर्थ प्राप्त झाला. आणि त्या अर्थाच्या आड मूळचा पैसा दिसेनासा झाला.

टॅलेंट हे वजनाचे व त्यावरून पैशाचे परिमाण होते. एका टॅलेंटचे सुमारे ६,००० दिनार होत, आणि एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी, असे त्याच शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तावरून दिसते. वर्षाचे ३०० दिवस काम धरले तर एक टॅलेंट म्हणजे मजुराची २० वर्षांची कमाई होते. ज्यास सर्वांत थोडे मिळाले त्यासही आयुष्यातील अर्ध्या कष्टांइतकी रक्कम मिळाली होती. 'माझ्याजवळ आहेच काय, की मी त्याची व्यवस्था लावावी?' असे म्हणणाऱ्यास या दृष्टान्तात आधार सापडत नाही. मराठीच्या काही भाषांतरांत टॅलेंटसाठी 'थैली' हा शब्द आला आहे. तो सुबोध खरा; परंतु त्याने रकमेचे हे प्रमाण मात्र झाकले जाते.

३. एका धातूचे चार शब्द

कारभाऱ्याच्या हाती जे असते त्यास मराठीत 'अनामत' म्हणतात. जमाखर्चाच्या वह्यांतून, न्यायालयांतून, निवडणुकांतून हा शब्द रोजच्या वापरात आहे. तो अरबी 'अमानत' या शब्दातील वर्णांची अदलाबदल होऊन झालेला आहे. अरबी, हिब्रू, अरामी या सेमिटिक भाषांत 'अ-म-न' या धातूचा अर्थ दृढ असणे, भरवशाचे असणे असा आहे. त्याच धातूपासून अरबीत 'ईमान', म्हणजे श्रद्धा, हा शब्द झाला. तो मराठीत 'इमान' होऊन आला तेव्हा धन्याशी किंवा दिल्या शब्दाशी राखावयाची निष्ठा असा त्याचा अर्थ प्रधान झाला. पूर्वीच्या कारभारातील 'अमीन', म्हणजे भरवशाचा अधिकारी, हाही त्याच कुळातील. आणि ख्रिस्ती प्रार्थनेच्या अखेरीस उच्चारला जाणारा हिब्रू 'आमेन' हाही त्याच धातूचा.

याहून विस्मयकारक गोष्ट अशी की, शुभवर्तमानात देवाचा प्रतिस्पर्धी म्हणून ज्याचा निर्देश येतो तो अरामी 'मामोन', म्हणजेच धन, हा शब्दसुद्धा पुष्कळ पंडित याच धातूकडे नेतात. ही व्युत्पत्ती निर्विवाद नाही. परंतु ती ग्राह्य मानल्यास 'मामोन' याचा मूळ अर्थ 'ज्यावर भरवसा ठेवला जातो ते' किंवा 'भरवशाने ठेवलेले ते' असा होतो. तेच धन ठेव म्हणून हाताळले तर अनामत, आणि आधार म्हणून कवटाळले तर मामोन. पैशाचे हे दोन्ही उपयोग एकाच माणसाच्या एकाच थैलीत संभवतात, ही गोष्ट येथे शब्दकुळानेच दर्शविली आहे.

४. हिशेब

लूकच्या सोळाव्या अध्यायातील कारभाऱ्यावर धन्याची मालमत्ता उधळल्याचा आरोप येतो, आणि धनी त्याजकडे हिशेब मागतो. येथे मुळात 'लोगोस' हा शब्द आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी ज्याचे भाषांतर 'शब्द' असे केले जाते तोच हा 'लोगोस'. ग्रीक भाषेत बोललेला शब्द, दिलेले कारण आणि मांडलेला हिशेब या तिन्ही अर्थी तो चालत असे. अर्थात हिशेब म्हणजे केवळ आकड्यांची बेरीज नव्हे. आपण असे का केले, हे सांगता येणे म्हणजे हिशेब.

या कारभाऱ्याने पुढे जे केले ते प्रामाणिकपणाचे नव्हते. शंभर माप तेलाच्या कर्जखतावर त्याने पन्नास लिहविले, शंभर माप गव्हाच्या खतावर ऐंशी. तरीही धनी त्याची वाखाणणी करतो. या दृष्टान्ताने भाष्यकारांना पुष्कळ त्रास दिला आहे. परंतु मूळ शब्द पाहिला असता वाखाणणी कशाची आहे ते स्पष्ट होते. येथे 'फ्रोनिमोस' या विशेषणाचे क्रियाविशेषण वापरले आहे. त्याचा अर्थ शहाणपणाने, पुढचे पाहून. लूकच्याच बाराव्या अध्यायात चांगल्या कारभाऱ्यास दोन विशेषणे लावली आहेत. एक 'पिस्तोस', म्हणजे विश्वासू, आणि दुसरे हेच 'फ्रोनिमोस'. केवळ सचोटी पुरेशी नाही, दूरदृष्टीही हवी. दुसऱ्याचा पैसा प्रामाणिकपणे बुडविणारा कारभारी हा चांगला कारभारी ठरत नाही.

'पिस्तोस' या शब्दातही एक दुहेरीपणा आहे. ज्यावर विश्वास ठेवता येतो तो, आणि जो विश्वास ठेवितो तो, हे दोन्ही अर्थ त्यात आहेत. मराठी ख्रिस्ती लेखनात यांची 'विश्वासू' आणि 'विश्वासी' अशी वाटणी झाली. ती अर्थाच्या सोयीची असली तरी तिने एक संबंध तुटला. मूळ भाषेत श्रद्धा बाळगणे आणि भरवशास पात्र असणे हे एकाच शब्दाचे दोन पैलू आहेत, आणि म्हणूनच पैशाची नीट व्यवस्था लावणे ही श्रद्धेची कृती होऊ शकते.

५. उरलेले नऊ अंश

आता या शब्दांतून घरखर्चाविषयी काय निष्पन्न होते ते पाहू. बुरूज बांधावयास निघालेल्याने प्रथम बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहावयाचे, हा दृष्टान्त लूकच्या चौदाव्या अध्यायात आहे. तो शिष्यत्वाविषयी आहे खरा. पण अंदाजपत्रक ही ऐकणारांस ठाऊक असलेली व योग्य गोष्ट आहे, हे त्यात गृहीत धरले आहे. नीतिसूत्रांत ऋणको हा धनकोचा दास होतो असे सांगितले आहे. कारभाऱ्याच्या दृष्टीने ऋणाचा दोष नेमका हाच : एका धन्याच्या चाकराने दुसरा धनी पत्करला की पहिल्याचा हिशेब त्याच्या हाती राहत नाही. घरच्या माणसांची तरतूद न करणाऱ्यास तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात फार कठोर शब्द वापरले आहेत. करिंथकरांना लिहिताना पौल सांगतो की, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे. म्हणजे दान हे उरलेल्यातून नव्हे, तर आधी काढलेल्यातून.

संचयाच्या बाबतीत दोन कथा एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफ सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत साठवितो आणि त्यावर पुढील सात वर्षांच्या दुष्काळात लोक जगतात. लूकच्या बाराव्या अध्यायातील श्रीमंत मनुष्यही मोठी कोठारे बांधावयाचे ठरवितो, आणि तो मूर्ख ठरतो. कृती दोघांची एकच. भेद सर्वनामाचा आहे. श्रीमंताच्या स्वगतात 'माझे पीक', 'माझी कोठारे', 'माझा माल', 'माझा जीव' असे 'माझे' हे पद पुन्हा पुन्हा येते. दुसरे कोणीही त्याच्या वाक्यांत येत नाही. तथापि योसेफाची कथाही निष्कलंक नाही. दुष्काळ वाढल्यावर लोकांचा पैसा, गुरे, जमिनी आणि अखेर त्यांचे स्वातंत्र्य हे सर्व राजाच्या पदरी जमा झाले, असे तीच कथा सांगते. धन्यास चोख हिशेब देणारा कारभारी ज्यांच्यासाठी कोठार आहे त्यांना विसरला तर काय होते, याचा तो इशारा होय.

६. वेस्लीची वही

या कल्पनेस व्यवहाराचे सर्वांत नेटके रूप अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली याने दिले. १७६० साली प्रसिद्ध झालेल्या पैशाच्या उपयोगावरील प्रवचनात त्याने तीन नियम सांगितले : होईल तितके मिळवा, होईल तितके वाचवा, होईल तितके द्या. पहिल्या नियमास त्याने कडक मर्यादा घातल्या. आपले आरोग्य, आपले मन किंवा शेजाऱ्याचे हित यांची हानी करून मिळविणे त्यास मान्य नव्हते. मद्याचा व्यापार आणि गहाणवटीचा धंदा यांचा त्याने स्पष्ट निषेध केला. दुसऱ्या नियमातील 'वाचवा' याचा अर्थ 'साठवा' असा नव्हे. चैनीत उडवू नका, असा आहे. मराठीत 'काटकसर' आणि 'संचय' हे दोन निराळे शब्द असल्यामुळे हा भेद येथे सहज स्पष्ट करता येतो. इंग्रजीत एकाच क्रियापदाने दोन्ही अर्थ व्यक्त होत असल्याने पुष्कळांचा गैरसमज झाला.

तिसऱ्या नियमाचे स्पष्टीकरण प्रस्तुत विषयास विशेष उपकारक आहे. आधी स्वतःच्या व कुटुंबाच्या गरजा, मग श्रद्धाबंधू, मग सर्व मनुष्ये, असा क्रम वेस्ली लावतो; आणि घरच्या अन्नवस्त्रावर योग्य रीतीने केलेला खर्च हाही देवालाच दिलेला होय, असे म्हणतो. दहावा, तिसरा किंवा अर्धा हिस्सा असे प्रमाण तो ठरवून देत नाही. सर्वच हिस्सा हिशेबात धरतो. प्रत्येक खर्चापूर्वी, या बाबतीत आपण मालकासारखे वागतो आहोत की कारभाऱ्यासारखे, असे स्वतःस विचारावे, ही त्याची कसोटी होती.

१७८७ सालच्या एका प्रवचनात त्याने ऑक्सफर्डमधील एका तरुण मेथडिस्टाचे उदाहरण दिले आहे. तो तरुण म्हणजे स्वतः वेस्लीच, असे मानले जाते. त्यास वर्षाला ३० पौंड मिळत तेव्हा तो २८ पौंडांत राहिला व २ पौंड दिले. प्राप्ती पुढे ६०, ९० व १२० पौंड झाली. खर्च २८ पौंडांवरच राहिला, आणि दान ३२, ६२ व ९२ पौंड झाले. १७९० साली, हात थकल्यावर, त्याने खर्चाची वही लिहिणे थांबविले. परंतु आयुष्याच्या अखेरीस त्यास एका गोष्टीची खंत होती. त्याच्या अनुयायांनी पहिले दोन नियम उत्साहाने पाळले. तिसरा फार थोड्यांनी. उद्योग आणि काटकसर यांनी माणूस श्रीमंत होतो, आणि श्रीमंतीबरोबर मालकीची भावना परतून येते, हा पेच त्याला सुटला नाही.

७. महाराष्ट्रातील दोन उदाहरणे

महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासातही हा पेच निराळ्या रूपांनी दिसतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांच्या उदार हातात पैसा टिकत नसे, आणि घर चालविण्याची काळजी लक्ष्मीबाईंवर पडे, हे त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राच्या वाचकांस ठाऊकच आहे. टिळकांजवळ देण्याची वृत्ती पुरेपूर होती; घराच्या गरजांचे भान ठेवणारी 'कारभारीण' मात्र लक्ष्मीबाई होत्या. वर सांगितलेल्या दोन विशेषणांची येथे जणू पतिपत्नींत वाटणी झाली होती.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. विधवांच्या शिक्षणासाठी त्यांना साहाय्य करण्याकरिता १८८७ साली अमेरिकेत बोस्टन येथे एक मंडळ स्थापन झाले व त्याने दहा वर्षे मदत करण्याचे मान्य केले. त्या आधारावर १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढे ते पुण्यास आले. मुदत संपल्यावर १८९८ साली रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या व कार्याचा वृत्तान्त त्यांनी मदत करणारांपुढे ठेविला. परंतु मधल्या काळात, १८९३ साली, रानडे व भांडारकर यांनी सदनाच्या सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले होते. वाद पैशाच्या अफरातफरीचा नव्हता. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील असे अभिवचन होते, आणि मुलींच्या प्रार्थनेस बसण्यावरून ते मोडले गेले, असा आक्षेप होता. आपण कोणावर सक्ती केली नाही, केवळ आपल्या खोलीचे दार बंद केले नाही, असे रमाबाईंचे म्हणणे होते. कोणत्या पक्षाची बाजू अधिक खरी, हा येथे प्रश्न नाही. मदत देणारे परदेशी लोक आणि आपल्या मुली पाठविणारी पुण्यातील कुटुंबे, या दोघांचीही ठेव एकाच संस्थेत होती. एकीचा हिशेब आकड्यांनी देता येत होता, दुसरीचा दिलेल्या शब्दानेच देता येत होता. 'लोगोस' या शब्दाचे दोन अर्थ येथे व्यवहारात समोरासमोर आले.

८. विश्वस्त आणि कारभारी

या कल्पनेशी मिळतीजुळती कल्पना गांधीजींच्या 'विश्वस्त' या शब्दात आहे. गीतेतील अपरिग्रहाचा अर्थ आपणांस इंग्रजी कायद्याच्या अभ्यासामुळे अधिक स्पष्ट झाला, असे त्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. स्नेल याच्या ग्रंथातील न्यायतत्त्वांची चर्चा त्या वेळी त्यांना आठवली. याच विचारातून त्यांनी दक्षिण आफ्रिकेत असताना आपला विमा बंद केला. कुटुंबाची काळजी ईश्वर वाहील, अशी त्यांची धारणा होती. ख्रिस्ती कारभारीपणाचा मार्ग येथे थोडा निराळा पडतो. योसेफाच्या कोठारांचे उदाहरण पाहता, आगामी संकटाची तरतूद ही अश्रद्धा ठरत नाही. शिवाय इंग्रजी कायद्याप्रमाणे विश्वस्त हा मालमत्तेचा कायदेशीर धनी असतो. लाभ मात्र दुसऱ्याचा असतो. ओइकोनोमोस याच्याकडे धनीपणाचे नावही नसते. विश्वस्ताने आपला हक्क आवरावयाचा असतो. कारभाऱ्याने हक्क नाहीच हे स्मरावयाचे असते.

या स्मरणाचा विपर्यासही होऊ शकतो. देवाने दिले म्हणून आपण श्रीमंत, असे म्हणून संपत्तीचे समर्थन करता येते. आणि अधिक दिले तर देव अधिक परत करील, असे सांगून गरिबाच्या पदरचे काढूनही घेता येते. या दोहोंवर उपाय हिशेबाचाच. यरुशलेमच्या गरिबांसाठी निधी जमविताना पौलाने ती रक्कम एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला आणि देवापुढेच नव्हे तर मनुष्यांपुढेही व्यवहार स्वच्छ दिसावा असा आग्रह धरला. जो स्वतः हिशेब देत नाही त्यास दुसऱ्याच्या दशमांशावर हक्क सांगता येत नाही.

सारांश, दशमांश ही या व्यवस्थेतील एक बाब आहे. तिची इतिश्री नव्हे. मंदिरात दोन लहान नाणी टाकणाऱ्या विधवेच्या दानाचे मोल तिच्याजवळ काय उरले यावरून ठरले, हे मार्काच्या कथेत स्पष्टच आहे. घरभाडे, किराणा, मुलांचे शिक्षण, कर्जाचा हप्ता, आजारपणासाठी बाजूला ठेवलेली रक्कम, हे सर्व त्याच वहीत लिहावयाचे आहे. महिनाअखेरीस ती वही उघडून प्रत्येक रकमेपुढे 'हे का?' या प्रश्नाचे उत्तर देता आले, तर रविवारी उच्चारलेल्या 'आमेन'चा अर्थ सोमवारच्या 'अनामत' या शब्दाशी जुळतो.